बाण कापला, तरी स्पाइन तेच कसं?

प्रश्न : सर, माझं बांबूचं धनुष्य माझ्या ड्रॉला, म्हणजे मी दोरी ओढतो तितक्या अंतराला, ३५ पौंड भरतं. ४५ स्पाइनचे (स्पाइन म्हणजे दांडीचा ताठपणा, आकडा मोठा तितकी ताठ) लाकडी बाण घेतले, ३२ इंच लांब, पुढे १०० ग्रेनचं (साधारण ६.५ ग्रॅम) टोक. सोडले की शेपूट हलवत उजवीकडे जायचे. म्हणून सगळे २८ इंचांवर कापले. आता डावीकडे जातात आणि मुठीजवळ टक् वाजतं. स्पाइन पुन्हा मोजलं तर ४५च! मग बदललं काय? दोरी मी उजव्या हाताने ओढतो.
— एक वाचक, भंडारा

उत्तर : तुमची मोजणी बरोबर आहे. घोळ मोजण्याच्या पद्धतीत आहे. लाकडी दांडी २६ इंचांवरच्या दोन आधारांवर ठेवतात, मधोमध दोन पौंड टांगतात आणि ती किती लवते ते बघतात. आधारांमधलं अंतर ठरलेलं, त्यामुळे बाहेर लोंबणारे चार इंच ठेवा नाहीतर कापा, आकडा तोच येणार. माझं यंत्र म्हणजे फळीला ६६० मिमी अंतरावर ठोकलेले दोन खिळे आणि वाण्याच्या काट्यावर ९०७ ग्रॅम भरेपर्यंत पाणी ओतलेली बाटली. दांडी जितके मिलिमीटर लवेल त्याने ६६० ला भागायचं. १५ मिमी लवली तर ४४ पौंड, म्हणजे साधारण ४४ पौंडांच्या धनुष्याला जुळणारी दांडी. झालं.

धनुष्यावर मात्र दांडी अख्खी वाकते. मागून दोरी रेटते, पुढचं जड टोक चटकन हलायला तयार नसतं, आणि मधल्या मधे दांडीची कमान होते. ही कमान लांबीच्या घनाच्या हिशेबात वाढते. २८ भागिले ३२, त्याचा घन काढा : ०.६७. म्हणजे तेवढ्याच जोराला तुमचा बाण आता साधारण एक तृतीयांश कमी वाकतो. आपल्या बांबूच्या धनुष्याला मुठीपाशी खाच नसते, बाणाला मुठीला वळसा घालूनच जावं लागतं. (हा वळसा अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ क्लॅरेन्स हिकमन यांनी १९३०च्या दशकात वेगवान कॅमेऱ्याने टिपला होता.) ताठ बाण वळसा घालत नाही, मुठीवर आपटतो आणि डावीकडे जातो. तो टक् त्याचाच.

मैदानावरचा ढोबळ हिशेब असा : २८ इंच मूळ धरायचे, पुढच्या दर इंचाला पाच पौंड वजा. तुमचा ३२ इंची बाण २५चा असल्यासारखा वागत होता. २८वर तो पुरता ४५ झाला. ३५च्या धनुष्याला ३० इंचांच्या आसपास थांबायला हवं होतं. मी पोरांना अर्धा-अर्धा इंचच कापू देतो, दर कापणीनंतर पाच बाण मारून बघ म्हणतो. कापलेलं परत जोडता येत नाही, हे आता तुम्हाला काय सांगायचं!

बाण टाकून देऊ नका. टोक जड करा. २५ ग्रेन, म्हणजे साधारण १.६ ग्रॅम, पुढे वाढले की बाण आणखी पाचएक पौंड मऊ वागतो. १०० काढून १५० बसवा. हॉट मेल्टने, म्हणजे तापवून लावायच्या गोंदाने, चिकटवलं असेल तर जरा तापवलं की सुटतं, आणि नाही पटलं तर जुनं परत लावता येतं.

सँडपेपरनेही दांडी मऊ होते, पण हात जपून. ताठपणा जाडीच्या चौथ्या घाताने बदलतो. ८.७ मिमीची दांडी ८.३वर आली की ४५चं स्पाइन ३७ होतं. ०.४ मिमी म्हणजे वहीच्या चारेक पानांची जाडी! मी हे पोळून शिकलोय. एका स्पर्धेआधी शाळेतल्या मुलींसाठी बारीक बांबूच्या डझनभर दांड्या केल्या. गाठी तासता तासता हौसेने काचेच्या तुकड्याने वरची चकचकीत सालही खरवडली, हाताला गुळगुळीत लागावी म्हणून. १५ मिमी लवणाऱ्या दांड्या २०वर गेल्या, ४४चे ३३ झाले. बांबूचे सगळ्यात चिवट धागे त्या सालीलगतच दाटलेले असतात, आणि मी नेमके तेच केरात टाकले होते. पहिला बाण सुटल्यावर एक मुलगी म्हणाली, "सर, हा पोहतोय." त्या दांड्या पुढे आमच्या घरी टोमॅटोच्या रोपांना आधाराला लागल्या. तेव्हा गाठ तासा, सालीला हात लावू नका. लाकूड घासायचं तर संपूर्ण लांबीवर सारखं, आणि दर वेळी व्हर्नियरने जाडी मोजून.

प्रश्न : एकच लाकडी दांडी खिळ्यांवर फिरवली की दोन वेगळे आकडे येतात. खरा कोणता?

उत्तर : दोन्ही. टोकाकडून बघा, लाकडाच्या वलयांच्या रेषा दिसतील. त्या उभ्या असताना दांडी जास्त ताठ असते. तो आकडा धरा, आणि नॉक, म्हणजे बाणाच्या मागच्या टोकाची दोरी अडकवायची टोपी, अशी बसवा की तिची खाच त्या रेषांना काटकोनात येईल. मग बाण आडवा वाकताना ताठ बाजूनेच वाकतो. डझनातल्या एकाची नॉक चुकली तर तोच एक बाण कायम फटकून पडतो आणि पोरगं बिचारं स्वतःला दोष देत बसतं.

प्रश्न : डॅक्रॉनची (जरा ताणणाऱ्या पॉलिएस्टर धाग्याची) दोरी काढून कमी ताणणारी लावली. बाण उजवीकडे जायला लागले. दोरीमुळे?

उत्तर : हो. नवी दोरी कमी ताणते, बाणाला जास्त जोराने रेटते, त्यामुळे तोच बाण आता मऊ पडतो. टोक २५ ग्रेनने हलकं करून बघा. पण त्याआधी तुमचं धनुष्य अशी दोरी सोसतं का, ते बनवणाऱ्याला विचारा. साध्या बांबूच्या धनुष्याला मी डॅक्रॉनच लावतो. आणि लाकडी बाण प्रत्येक फेरीआधी हातात थोडा वाकवून, कानाशी धरून ऐका. कर्र वाजला तर तिथेच मोडून टाका.