ऋतुबदलातील विश्रांतीचा दिवस

विश्रांतीचा दिवस म्हणजे उशिरापर्यंत झोपणे, असा आपला समज असेल तर तो आधी बाजूला ठेवावा. मार्च आणि सप्टेंबरमधील विषुवदिनांच्या आसपास दिवसाची लांबी सर्वांत वेगाने बदलते आणि शरीराचे घड्याळ मुख्यतः डोळ्यांत शिरणाऱ्या प्रकाशानुसार जुळत असल्यामुळे, नेहमीच्या वेळी उठून सकाळचा काही काळ खिडकीपाशी निवांत बसणे हे माझ्या मते दुपारपर्यंत लोळण्यापेक्षा कितीतरी सुखाचे असते. दुपारची डुलकी २० ते ३० मिनिटांत आटोपावी. त्याहून लांबल्यास गाढ झोपेतून उठताना अंग जड होते. ऋतू बदलला म्हणून कपाट आवरण्याचा मोह (तो हमखास होतो) दुसऱ्या दिवसावर ढकलावा. संध्याकाळी दिवे मंद करावेत आणि फोन दुसऱ्या खोलीत ठेवावा.