वाचकांचे प्रश्न : ॲबोरिजिनल सरकारचा पासपोर्ट चालतो का?

प्रश्न : ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींचे स्वतःचे सरकार असून ते पासपोर्टही काढते, असे ऐकले. तो चालतो का? आणि माबो खटल्यात जमिनीचा हक्क मिळाल्यावर वेगळे सरकार कशाला?

उत्तर : हे 'ॲबोरिजिनल प्रोव्हिजनल गव्हर्नमेंट', म्हणजे आदिवासींचे हंगामी सरकार, स्थापना १९९०. टास्मानियाचे मायकेल मॅन्सेल त्याचे एक संस्थापक. त्याआधी १९८८ मध्येच ते असा पासपोर्ट घेऊन लिबियाला गेले आणि लिबियाने तो मान्य केला. पण ती गद्दाफींची राजकीय मर्जी होती. पासपोर्ट चालतो तो समोरच्या देशाने मानला तर. उत्तर अमेरिकेतल्या हौदेनोसौनी या आदिवासी महासंघाच्या लॅक्रॉस (जाळीदार काठीने खेळायचा चेंडूचा खेळ) संघाला २०१० मध्ये स्वतःच्या पासपोर्टवर ब्रिटनने येऊ दिले नाही आणि मँचेस्टरची जागतिक स्पर्धा हुकली.

आता माबो, म्हणजे टॉरेस सामुद्रधुनीतल्या बेटावरचे एडी माबो यांचा जमिनीच्या हक्काचा खटला. ऑस्ट्रेलियाच्या हायकोर्टाने (तिथले सर्वोच्च न्यायालय तेच) ३ जून १९९२ रोजी 'ही भूमी कुणाचीच नव्हती' हे गृहीतक मोडीत काढले. ब्रिटिश राजसत्तेच्या सार्वभौमत्वाला मात्र हात लावला नाही. कोर्टाचा अधिकारच त्यातून आलेला, मग ते त्याचा निवाडा कसा करणार? मिळालेला हक्कही लंगडा. खाणीला नकार देता येत नाही, फक्त वाटाघाटी करता येतात. सहा महिन्यांत जमले नाही तर प्रकरण लवादाकडे जाऊ शकते. शिवाय परंपरा अखंड चालू असल्याचे सिद्ध करावे लागते. योर्टा योर्टा लोक २००२ मध्ये इथेच हरले. परंपरेत खंड पाडला वसाहतवाल्यांनी, भुर्दंड मात्र यांना!

म्हणून काहींनी कोर्टाचा नादच सोडला. न्यू साउथ वेल्स आणि क्वीन्सलँडच्या सीमेवरच्या मुरावारी लोकांनी २०१३ मध्ये प्रजासत्ताक जाहीर केले आणि राणी एलिझाबेथकडे कागद मागितले : आमच्याशी झालेला तह, युद्धाची घोषणा किंवा भूमी सोडल्याचा दस्त, यांपैकी काहीही दाखवा. दिलेली मुदत उलटली, कागद आला नाही. युक्तिवाद बिनतोड आहे, पण एकाही देशाची मान्यता नाही.

प्रश्न : अशा सरकारांच्या नावाने वाहनपरवाने, नंबरप्लेट विकल्या जातात. ब्रिस्बेनमधल्या मुलाने घ्याव्यात का?

उत्तर : मुळीच नको. पोलिसांच्या लेखी ती गाडी विनानोंदणीचीच. तिथे दुखापतीचा सक्तीचा विमा नोंदणीबरोबरच भरला जातो. नोंदणी नाही म्हणजे विमा नाही, आणि अपघातात कुणी जखमी झाले तर भरपाई मुलाच्याच अंगावर येऊ शकते. बिगर-ॲबोरिजिनल माणसाला पैसे घेऊन 'नागरिकत्व' देणारा तर सरळ दुकानदार समजावा.