अकरा वर्षं उभी असलेली जुनी सॅन स्टॉर्म बेळगावात नीट होईल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मामांच्या खानापूरकडच्या घरी गोठ्याशेजारच्या शेडात दोन सीटची उघडी सॅन स्टॉर्म कार अकरा वर्षं उभी आहे, नंबर गोव्याचा आहे, मामा म्हणतात "घेऊन जा की". आणि पुढं तुमचं वाक्य: "बॉडी एकदम टकाटक आहे, इंजिन चालू करून रंग मारला की झालं ना?"

या शेवटच्या वाक्यासाठी उत्तर लिहायला बसलो. 2019 मध्ये मी हेच वाक्य बायकोला ऐकवलं होतं, शब्द न शब्द. मग 38 हजारांचा लाल रंग मारला, आणि सात महिन्यांनी तोच रंग ग्राइंडरनं कापला.

ही गाडी का फसवते ते आधी सांगतो. स्टॉर्मची बॉडी फायबरची. फायबरला गंज नाही. शेडात पाऊस गळो, कोंबड्या बसोत, धूळ पुसली की खाली चकचकीत. पण त्या फायबरच्या खाली सगळं वजन पेलणारा सांगाडा लोखंडाचा आहे, आणि तो वरून दिसत नाही. साध्या पत्र्याच्या गाडीत मडगार्डला फोड आला की आपण सावध होतो. इथं सावध करायला काहीच नसतं. शिवाय गाडी उघडी. हूड, म्हणजे वरचं कापडी छप्पर, फाटलं की पाणी सीटमागं साचतं, कार्पेट ते स्पंजासारखं धरून ठेवतं, आणि आपल्याकडचा जून ते सप्टेंबर तुम्हाला ठाऊक आहेच. खानापूर म्हणजे तर बेळगावपेक्षाही जास्त पाऊस.

तेव्हा पहिल्या रविवारी बोनेट उघडूच नका. गाडी जॅकवर उचला, चारी बाजूंना घोडी, म्हणजे लोखंडी टेकू, लावा (नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली शिरायचं नाही, कितीही घाई असली तरी), कार्पेट उपटून टाका आणि एक जुना जाड स्क्रूड्रायव्हर घेऊन आत शिरा. सांगाड्याच्या प्रत्येक पाइपवर त्याच्या मुठीनं ठोका. चांगल्या पाइपचा आवाज टण् येतो. सडलेल्याचा भद्द येतो. जिथं भद्द आला तिथं टोक दाबून बघा. माझ्या गाडीत ड्रायव्हर सीटच्या मागच्या कोपऱ्यात टोक मुठीपर्यंत आत गेलं आणि बाहेर काढल्यावर त्या भोकातून चहाच्या रंगाचं पाणी ठिबकायला लागलं. डिसेंबर होता. म्हणजे पावसाळ्यातलं पाणी पाइपच्या आत तसंच बसलेलं. वर लाल रंगात माझा चेहरा दिसत होता.

उद्यमबागेतल्या, म्हणजे बेळगावच्या कारखान्यांच्या वसाहतीतल्या, पहिल्या वेल्डरनं वाकून बघितलं आणि म्हणाला, "आगंगिल्ल री." होणार नाही. दुसरा म्हणाला होईल, लगेच करून देतो, आणि हातात साधी वेल्डिंगची कांडी. त्याला मीच नको म्हटलं. पातळ पाइपला कांडीनं भोकं पडतात. तिसरा भेटला तो ट्रॉली आणि शेतीची अवजारं बनवणारा, सीओटू वेल्डिंगवाला (कांडीऐवजी गॅस आणि बारीक तार), वयानं माझ्या वडिलांएवढा. त्यानं यंत्र सुरू करायच्या आधी दोरी मागितली. सांगाड्याचे कर्ण मोजले, पुढचा डावा ते मागचा उजवा, मग उलट, आणि खडूनं जमिनीवर आकडे लिहिले. दारांच्या चौकटीत आडवे अँगल टाके मारून बसवले. मी विचारलं हे कशाला. तो म्हणाला, "वर छप्पर नाही ना अण्णा. मधला पाइप कापला की गाडी पोटात खचते. मग तुमचं दार जन्मात लागणार नाही."

मी सात महिने इंटरनेटवर जे वाचत होतो त्यातलं सगळ्यात कामाचं वाक्य मला असं, खाली बसून बिडी ओढणाऱ्या माणसाकडून मिळालं.

वेल्डिंगच्या वेळी एक घोळ झाला तो तुमचा होऊ नये म्हणून सांगतो. बॅटरी काढली होती, पेट्रोलची टाकी काढली होती, ओली गोणपाटं अंथरली होती. पण जिथं बॉडी सांगाड्याला बोल्टनं जोडलेली असते तिथलं फायबर आतून तापलं आणि धुमसायला लागलं. ज्वाळा नाही, नुसता काळा, नाकाला झोंबणारा धूर. बादलीभर पाणी मारून विझलं, पण हातभर तुकडा जळून ठिसूळ झाला. त्यामुळं बॉडी पूर्ण सोडवून बाजूला ठेवा आणि मगच वेल्डिंग करा. चार माणसं लागतात, फायबर हलकं असतं. मी तेवढा आळस केला.

आता फायबर. बेळगावातले टिंकरिंगवाले पत्र्यात उस्ताद आहेत, पण फायबरला ते पुटी फासून देतात आणि दोन महिन्यांत चीर परत डोकं वर काढते. हे काम मी चोर्ला घाट उतरून गोव्यात शिकलो, मासेमारीच्या फायबर होड्या दुरुस्त करणाऱ्या एका मेस्त्रीकडं. दोन शनिवार त्याच्याकडं नुसता उभा राहिलो. चीर असेल तर ती इंग्रजी व्हीसारखी तळापर्यंत खरवडायची, मागच्या बाजूनं मॅट (फायबरचं कापड) आणि रेझिनचे (पातळ राळेचे) थर द्यायचे, मगच पुढून भरायचं. रेझिनमध्ये हार्डनर, म्हणजे ते घट्ट करणारं रसायन, साधारण एक ते दोन टक्के, म्हणजे किलोला 10 ते 20 मिली, उन्हाळ्यात कमीच. आणि रेझिनवाला तुम्हाला कोबाल्ट नावाची जांभळट बाटली वेगळी देईल. ती आधी रेझिनमध्ये नीट ढवळायची, नंतर हार्डनर. कोबाल्ट आणि हार्डनर थेट एकमेकांत कधीही ओतू नका, भडका उडतो, स्फोटसुद्धा होतो. दोन्ही बाटल्या एका फळीवर ठेवूच नका. पावसाळ्यात हे काम काढू नका, दमट हवेत वरचा थर चिकट राहतो. दिवाळीनंतर सुरू करा. घासताना मास्क लावा आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला. तरी रात्री खाजेल. आंघोळ गार पाण्यानं.

इंजिनाची मात्र काळजी करू नका. लोक इंजिनालाच घाबरतात, पण बेळगावात बसून इंजिनाला घाबरणं म्हणजे कुंद्याच्या दुकानात साखरेची चिंता करणं. आत रेनॉचं डी7एफ इंजिन आहे, 1149 सीसी, साठेक हॉर्सपॉवरचं. तिकडं युरोपात रेनॉच्या क्लिओ आणि ट्विंगो गाड्यांत हेच बसायचं, त्यामुळं त्याची माहिती आणि रिंगा-गॅस्केटं मागवता येतात. आणि उद्यमबागेत क्रँकशाफ्ट बनवणारी, ओतकाम करणारी, सिलिंडरला बोअर मारणारी माणसं गल्लीगल्लीत आहेत.

फक्त किल्ली फिरवू नका. आधी स्पार्क प्लग काढून चारी भोकांत थोडं थोडं डिझेल आणि ऑईल ओता, आठवडाभर मुरू द्या, मग क्रँकच्या बोल्टला पाना लावून हातानं, फिरण्याच्या दिशेनं, हळू. फिरलं तर देवाला नारळ. तरीही टायमिंग बेल्ट बदलल्याशिवाय स्टार्ट नाही, कारण रबर उभ्या उभ्याही म्हातारं होतं. टाकीतलं जुनं पेट्रोल वार्निशसारखा वास मारत असेल ते काढून टाका, टाकी धुवा, इंजेक्टर साफ करून घ्या. वायरिंग उंदरांनी खाल्लेलं असणारच, माझ्या फ्यूजबॉक्समागं अख्खं घरटं निघालं. त्यात बायकोच्या दुपट्ट्याचा तुकडा होता, तो तिथं कसा पोचला याचा खुलासा अजून झालेला नाही.

पार्टांचं विचाराल तर "सॅन स्टॉर्मचं बेअरिंग द्या" असं दुकानात म्हणूच नका. दुकानदार तुमच्याकडं बघेल आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडं वळेल. जुनं बेअरिंग रॉकेलनं पुसा, त्याच्या कडेवर नंबर कोरलेला असतो, तो सांगा. बेअरिंगला गाडीचं नाव माहीत नसतं. ऑईल सीलचंही तसंच: आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी, हे तीन आकडे व्हर्नियरनं मोजून न्या. ब्रेकची रबरं सगळी बदला, ब्रेक ऑईल पूर्ण काढून नवं भरा, कारण ते हवेतली ओल ओढतं आणि सिलिंडर आतून गंजतो. जे कुठंच मिळत नाही, बुश वगैरे, ते लेथवर करून घ्या. नमुना फुटका असला तरी चालतो, हरवलेला चालत नाही. म्हणून काढलेली एकही वस्तू फेकू नका. हूडला मी जीपची हूडं शिवणारा गाठला. पहिलं त्यानं आखूड शिवलं, दुसरं बरोबर आलं.

कागदांचं काम गाडीच्या आधी सुरू करा, कारण तेच सगळ्यात रेंगाळतं. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, तुमची केव्हाच संपलेली असणार. गोव्याच्या आरटीओकडून एनओसी, मग इथं मालकी बदल, कर्नाटकचा टॅक्स, आणि फिटनेस दाखवून पाच वर्षांचं नूतनीकरण. 2022 च्या एप्रिलमध्ये कारच्या नूतनीकरणाची फी 600 वरून 5000 झाली, आणि 2025 मध्ये वीस वर्षांवरच्या गाड्यांना 10,000. तुमची गाडी वीस वर्षांवरचीच. व्हिंटेजची सवलत कुणी सुचवली तर ऐकू नका, त्याला पन्नास वर्षं लागतात. आणि एक गोष्ट वेल्डरला आधीच दाखवून ठेवा: चेसिस नंबर. त्याच्यावर ग्राइंडर फिरला किंवा जाड रंग बसला तर इन्स्पेक्टरला पेन्सिलीनं छाप घेता येणार नाही, आणि मग तुम्ही स्वतःच्याच गाडीचे चोर. मी त्यावर ग्रीस लावून टेप मारली होती.

खर्च: गाडी 90 हजारांना घेतली, वर अडीच वर्षांत 3 लाख 60 हजार गेले. यात वाया गेलेला पहिला रंग धरलाय, एका पेंटरकडं अडकलेला आणि परत न आलेला ॲडव्हान्सही धरलाय. माझे रविवार धरलेले नाहीत. विकायला काढली तर एवढे येतील असं मला वाटत नाही. तुम्हाला गाडी फुकट मिळतेय, तरी अडीच-तीन लाख हाताशी असल्याशिवाय सांगाडा कापायला घेऊ नका. अर्धवट कापलेली गाडी भंगारवालासुद्धा पाडून मागतो.

रंग सगळ्यात शेवटी. माझी गाडी रंगाविना, राखाडी प्रायमरमध्ये, सहा महिने फिरली. पहिली मोठी फेरी येळ्ळूरच्या राजहंसगडावर. चढाला दुसऱ्या गिअरमध्ये ती जो आवाज काढते त्यासाठी मी परत सगळं करीन, एवढंच सांगतो. उतरताना ब्रेक डावीकडं ओढत होते. खाली येऊन बघितलं तर उजव्या ब्रेक कॅलिपरचा पिस्टन अडकलेला. हे रंग मारल्यावर कळलं असतं तर मी तसंच चालवत राहिलो असतो, कारण रंगवलेली गाडी परत उघडायला माणसाचा हात धजत नाही.

तर या रविवारी मामांकडं जा. मामींनी जेवायला बसवलं तर जेवून घ्या, पण स्क्रूड्रायव्हर विसरू नका. ड्रायव्हर सीटच्या मागचा कोपरा आधी. टण् आला की भद्द, ते कळवा, मग पुढचं बोलू.