टेबलामागचा माणूस: लेट-नाइट होस्ट्सवर तुमचे प्रश्न

गेल्या अंकात सहज विचारलं होतं, रात्री उशिराच्या टॉक शोमधला तुमचा आवडता होस्ट कोण, जुना चालेल नवा चालेल, तर ठाणे आणि नवी मुंबईतूनच इतके मेल आले की बाकीच्यांनी रागावू नका, या वेळी खाडीच्या अल्याडपल्याडचेच प्रश्न घेतलेत.

"नुसती नावांची जंत्री नको. तुमचा स्वतःचा नंबर एक कोण आणि का, तेवढं सांगा."
(एक वाचक, घोडबंदर रोड, ठाणे)

डेव्हिड लेटरमन. यात मला फार विचार पण करावा लागत नाही. इंडियानापोलिसमध्ये टीव्हीवर हवामान सांगणारा माणूस, १ फेब्रुवारी १९८२ ला एनबीसी या अमेरिकन चॅनेलवर 'लेट नाइट' सुरू केलं, १९९३ मध्ये सीबीएसवर जाऊन 'लेट शो', आणि २० मे २०१५ ला शेवटचा भाग, म्हणजे ३३ वर्षं हाच उद्योग. टॉप टेन लिस्ट त्याची, प्रश्नांची निळी कार्डं मागच्या खोट्या खिडकीकडे भिरकवायची आणि काच फुटल्याचा आवाज यायचा हा पोरकटपणा पण त्याचाच. पण जोक भारी म्हणून तो आवडतो असं काही नाही, जोक लिहायला तिथे खोलीभर माणसं पगारावर असतात. माझं बघणं वेगळंय. ज्या रात्री लिहून आणलेलं काही चालणारच नसतं त्या रात्री हा माणूस काय करतो?

३० ऑक्टोबर २००२ चा भाग शोधून बघा. वॉरन झेव्हॉन नावाचा गायक, लेटरमनकडे वर्षानुवर्षं येणारा, बँडमास्टर पॉल शेफर रजेवर असला की त्याच्या जागी बसणारा. त्याला फुफ्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर झालेला, डॉक्टरांनी थोडेच महिने दिलेले, आणि लेटरमनने अख्खा शो त्या एकाच पाहुण्याला दिला, जे तिथे जवळपास कधीच होत नाही. झेव्हॉन म्हणतो मी वीस वर्षं डॉक्टरकडे गेलोच नाही, बहुतेक डाव चुकला, आणि लोक हसतात, हसावं की नाही ते न कळून हसतात. मग लेटरमन सरळ विचारतो की आता जगण्या-मरण्याबद्दल तुला आमच्यापेक्षा काही जास्त कळलंय का, आणि उत्तर येतं की प्रत्येक सँडविच नीट मजा घेऊन खायचं असतं, एवढं कळलं. आपल्याकडे असल्या वेळी मागे बासरी सुरू झाली असती आणि होस्टचा रुमाल बाहेर आला असता. इथे तसलं काही नाही, दोन ओळखीची माणसं बोलतायत बस्स. पुढच्या सप्टेंबरमध्ये झेव्हॉन गेला.

तसंच २००० मध्ये, जानेवारीत बायपास झाली आणि फेब्रुवारीत परत आला तर ज्या डॉक्टर-नर्सनी वाचवलं त्यांनाच स्टेजवर बोलावून एकेकाची ओळख करून दिली आणि त्याचा तो कुचकट आवाज चक्क फाटला. आणि १७ सप्टेंबर २००१, न्यूयॉर्कवरच्या हल्ल्यानंतरचा पहिला भाग, ना सुरुवातीचं म्युझिक ना जोक, नुसता टेबलाशी बसून बोलला.

दोन नंबरला क्रेग फर्ग्युसन, स्कॉटिश माणूस, 'लेट लेट शो', २००५ ते २०१४. फेब्रुवारी २००७ मध्ये ब्रिटनी स्पीअर्सने डोक्यावरचे केस काढले तेव्हा सगळे होस्ट तिच्यावर तुटून पडले होते आणि हा उभा राहून म्हणाला की मी तिच्यावर जोक करणार नाही, आणि मग स्वतःच्या दारूबद्दल, १५ वर्षांपूर्वी ती कशी सुटली त्याबद्दल बोलत बसला. आणि तीनला कोनन ओब्रायन. लेखकांच्या संपात, जानेवारी २००८ मध्ये, त्याच्याकडे लिहून द्यायला कुणी नव्हतं तर पठ्ठ्या दाढी वाढवून आला आणि लग्नाची अंगठी टेबलावर गरगर फिरवून ती किती सेकंद फिरते त्याचं घड्याळ लावून बसला. नॅशनल टीव्हीवर. आणि लोक श्वास रोखून बघतायत! हे ज्याला जमतं तो होस्ट.

"शेखर सुमनचं 'मूव्हर्स अँड शेकर्स' आम्ही घरातले सगळे बघायचो. ते टेबल, तो बँड, सुरुवातीला उभ्याने बोलणं, हे मुळात कुणाचं डोकं?"
(निवृत्त बँक कर्मचारी, नौपाडा, ठाणे)

काका, शेखर सुमनचा साचा अमेरिकेतल्या 'टुनाइट शो'चाच, हे तेव्हाही सगळ्यांना दिसत होतं. सोनीवर १९९७ ते २००१, आणि त्याची वाजपेयींची नक्कल तर तुम्हाला आठवत असेलच. २०१२ मध्ये सब टीव्हीवर परत आणायचा प्रयत्न झाला पण ती गंमत काही आली नाही.

मूळ 'टुनाइट शो' एनबीसीवर २७ सप्टेंबर १९५४ ला सुरू झाला, होस्ट स्टीव्ह ॲलन. टेबल, बँड, प्रेक्षकांत जाऊन मस्करी, ही सगळी पायाभरणी तेव्हाची. त्याच्यानंतर जॅक पार, आणि हा फारच हळवा गडी, फेब्रुवारी १९६० मध्ये चॅनेलने त्याचा संडासावरचा एक जोक न विचारता कापला म्हणून चालू शो सोडून निघून गेला, महिनाभराने परत आला आणि पहिलं वाक्य काय, तर मधेच अडवलं गेलं त्याआधी मी जे म्हणत होतो ते... तेवढ्यावर टाळ्याच टाळ्या.

आणि मग जॉनी कार्सन. १ ऑक्टोबर १९६२ ते २२ मे १९९२, तीस वर्षं. ११ च्या लोकल बातम्या संपल्या की लोक दिवा मालवायच्या आधी त्याला बघायचे. नवा कॉमेडियन पाच-सहा मिनिटं करायचा आणि कार्सनने हाताने सोफ्यावर ये म्हणून खूण केली की त्याचं करिअर लागलं मार्गी, इतकं त्या एका हाताचं वजन. मला विचाराल तर कार्सन ग्रेट आहेच पण आज सलग बघताना थोडा गुळगुळीत वाटतो, पाहुण्याला सांभाळून घेणारा, कुठे ओरखडा नाही. पण शेवटून दुसरा भाग बघा, बेट मिडलर त्याच्यासाठी गाते आणि तो समोर बसून ऐकतोय, तिथे त्या गुळगुळीतपणाच्या मागचा माणूस दिसतो.

"यूएस शिफ्ट करतो. क्लायंट कॉलवर सगळे कोल्बेर बंद होणार म्हणून हळहळत होते आणि मी आपला हो हो करत होतो. नेमकं झालं काय?"
(आयटीवाला, ऐरोली, नवी मुंबई)

दादा, पुढच्या कॉलसाठी मसाला घ्या. स्टीफन कोल्बेर २०१५ मध्ये लेटरमनच्या खुर्चीवर बसला. जुलै २०२५ मध्ये सीबीएसने जाहीर केलं की मे २०२६ मध्ये शो बंद, आणि नुसता होस्ट बदलणार नाही तर १९९३ पासूनचा 'लेट शो'च गुंडाळणार. चॅनेल म्हणालं कारण निव्वळ पैशाचं, वर्षाला सुमारे ४ कोटी डॉलर तोटा असा आकडा बातम्यांत फिरला. पण गंमत अशी की त्याच्या तीनच दिवस आधी कोल्बेरने आपल्याच मालक कंपनीला, म्हणजे पॅरामाउंटला, शोमध्ये झोडपलं होतं, कारण त्यांनी ट्रम्पशी कोर्टाबाहेर १.६ कोटी डॉलरची तडजोड केली होती आणि त्याच वेळी त्यांना कंपनी विलीन करायला सरकारी मंजुरी हवी होती. आता दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात हो, तोटा पण आणि नको झालेला माणूस पण. सप्टेंबरमध्ये त्याच शोला एमी, म्हणजे टीव्हीचं तिकडचं मोठं बक्षीस, मिळालं. त्याच महिन्यात एबीसी चॅनेलने आपल्या लेट-नाइट होस्टला, जिमी किमेलला, घरी बसवलं आणि आरडाओरडा झाल्यावर आठवड्याच्या आत परत आणला.

पैशाचं कारण थापा नाहीत एवढं मात्र खरं. तिकडे रात्रीचे ११:३५ म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळचे ९:०५, हिवाळ्यात १०:०५, म्हणजे तुम्ही कॅबमधून घरी येऊन आडवे झालेले असता तेव्हा तो शो तिकडे सुरू होतो, आणि तुम्ही उठेपर्यंत त्यातलं चांगलं ते सगळं यूट्यूबवर तुकड्या-तुकड्यात आलेलं असतं. अमेरिकन माणूस पण आता तसंच बघतो. मग तासाभराच्या शोला जाहिरात देणार कोण?

"सगळे पुरुषच का? आणि सूटमधलेच!"
(कॉलेज विद्यार्थिनी, नेरूळ, नवी मुंबई)

बरोबर पकडलंस. कॉमेडियन जोन रिव्हर्सचं नाव वाच. १९८३ पासून कार्सनची कायमची बदली होस्ट, तो रजेवर गेला की ती. १९८६ मध्ये फॉक्स चॅनेलने तिला स्वतःचा शो दिला तर कार्सन एवढा दुखावला की पुन्हा आयुष्यात तिच्याशी बोलला नाही. फॉक्सने वर्षही पुरं होऊ न देता तिला काढलं. 'टुनाइट शो'वर तिचं पाऊल परत पडलं ते थेट १७ फेब्रुवारी २०१४ ला, नवा होस्ट जिमी फॅलनच्या पहिल्याच भागात, आणि त्याच सप्टेंबरमध्ये ती गेली. पुरुषांनी चॅनेल बदलले की त्याला महत्त्वाकांक्षा म्हणतात, तिचं तेच करणं गद्दारी ठरलं, हे मला अजून खटकतं.

आणि आपल्याकडची तबस्सुम विसरू नकोस, दूरदर्शनवर 'फूल खिले हैं गुलशन गुलशन', १९७२ ते १९९३. लेट-नाइट नव्हतं ते पण समोरच्याला पाच मिनिटांत घरातला करून टाकायची तिची हातोटी यातल्या निम्म्या सूटवाल्यांकडे नाही. आजी-आईला विचार.

"मराठीत असं का होत नाही? आपल्याकडे बोलणारे कमी आहेत का?"
(एक वाचक, वाशी, नवी मुंबई)

बोलणारे? अहो गडकरी रंगायतनच्या बाहेर चहाच्या कपावर उभे राहा, चार होस्ट तिथेच मिळतील. मुलाखतीची परंपरा पण आहे, स्टेजवर सुधीर गाडगीळ, सह्याद्रीवर विक्रम गोखल्यांची 'दुसरी बाजू', झी मराठीवर अवधूत गुप्तेचं 'खुपते तिथे गुप्ते', त्याच्या २०२३ च्या सीझनमध्ये तर राज ठाकरे आणि आपल्या ठाण्याचे एकनाथ शिंदे पण त्या खुर्चीवर बसले. जितेंद्र जोशीचं 'दोन स्पेशल' मला मनापासून आवडलं होतं कारण तो पुढचा प्रश्न डोक्यात जुळवत बसत नाही, समोरचा बोलतोय ते ऐकतो, आणि चेहऱ्यावर ते दिसतं.

घोडं अडतं ते 'रोज'वर. आजची बातमी, आज दुपारी लिहिलेले जोक, आज रात्री टीव्हीवर, यासाठी लेखकांची कायमची फौज लागते आणि कुणी पुढारी चिडला तर पाठीशी उभं राहणारं चॅनेल लागतं. त्या ऐवजी मालिकेचा रिपीट लावला तर खर्च शून्य आणि कटकट शून्य. 'चला हवा येऊ द्या' २०१४ पासून जवळपास दहा वर्षं चाललं, निलेश साबळेचं टायमिंग जबरदस्त, पण तो मुळात स्किटचा शो, पाहुणे सिनेमाचं प्रमोशन करायला यायचे आणि सोफ्यावर बसून हसायचं काम करायचे. होस्टला पाहुण्याशी एकट्याने भिडायची वेळच येत नव्हती. बाकी प्रमोशन अमेरिकेत पण असतं, तिथे तर सगळा धंदाच त्यावर चालतो, पण दहा मिनिटांतली सात तरी गप्पांना मिळतात.

"पाहुण्यांचे ते किस्से ऐनवेळी सुचलेले असतात का ठरवून?"
(एक वाचक, कळवा, ठाणे)

बहुतेक ठरवून. शोचा एक प्रोड्यूसर आधी पाहुण्याला फोन करतो, दोन-तीन किस्से काढून घेतो, आणि होस्टच्या हातातल्या कार्डावर तेच लिहिलेलं असतं. म्हणून तर प्रश्न येतो की 'ऐकलंय तू परवा मासेमारीला गेलेलास?' आणि समोरचा जसा काही आत्ताच आठवल्यासारखं सुरू करतो. शूटिंग पण रात्री नसतं, संध्याकाळी पाचच्या आसपास उरकतं. खिडकीबाहेरचं चमचमतं शहर म्हणजे नुसता सेट. फर्ग्युसन मात्र मुलाखत सुरू होताच प्रश्नांची कार्डं टराटरा फाडायचा, रोज, आणि पाहुण्याचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा.

"घरात नवीन टीव्ही घेतलाय, मला आणि मिस्टरांना सुरुवात करायचीये. इंग्रजी फास्ट गेलं की पळतं आमचं. कुठून सुरू करू?"
(गृहिणी, खारघर, नवी मुंबई)

ताई, ओळखीच्या चेहऱ्यापासून. नेटफ्लिक्सवर लेटरमनची शाहरुख खानबरोबरची मुलाखत आहे, २०१९ ची, लांब दाढीवाला लेटरमन, आणि ती सावकाश चालते. मग त्याच्याच शोमधली २००५ ची ऐश्वर्या राय बघा, तो जरा खोचकपणे विचारतो की तू अजून आईवडिलांकडे राहतेस का, आणि ती हसत हसत सांगते की आमच्याकडे आईबाबांबरोबर जेवायला अपॉइंटमेंट घ्यावी लागत नाही. मिस्टरांना कोननचे परदेश दौऱ्याचे भाग लावून द्या, त्यात तो बोलतो त्यापेक्षा फजिती जास्त करून घेतो, त्यामुळे भाषेवाचून काही अडत नाही. झेव्हॉनचा भाग मात्र एवढ्यात नको, लेटरमनशी थोडी ओळख झाली की मग. आणि सबटायटल्स बिनधास्त लावा, आमच्याकडे पण लावलेलीच असतात.