वाचकांचे प्रश्न : तबकडीची दुसरी बाजू

प्रश्न : माझी संगीताची आवड वडिलांच्या कॅसेटींवर पोसली गेली. अकरावीत शिकणारी माझी मुलगी मात्र मोबाइलवर एकेक गाणे लावते आणि अर्ध्या मिनिटात मन रमले नाही, तर पुढे सरकवते. पूर्ण अल्बम सलग ऐकल्याने कान खरोखर तयार होतो का? होत असेल, तर तिने सुरुवात कशाने करावी?
– एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : होतो. माझा कान तरी मी हौसेने लावलेल्या रागापेक्षा त्याच्या पाठीवर असलेल्या रागाने अधिक तयार झाला. एका बाजूला भूप आणि दुसऱ्या बाजूला बागेश्री अशी गायिका किशोरीताई आमोणकरांची ध्वनिमुद्रिका नागपुरातल्या महाल भागातील आमच्या घरी कॅसेटवर होती. मला ऐकायचे असे ते द्रुतातले, म्हणजे जलद लयीतले, ‘सहेला रे’. पण वडील त्याआधीचा विलंबित ख्याल, म्हणजे संथ लयीतले रागगायन, ओलांडू देत नसत आणि भूप संपला की कॅसेट उलटवायलाही लावीत. मे महिन्यात, रात्रीची जेवणे आटोपल्यावर, कूलरच्या घरघरीत आलापातले बारीक स्वर बुडतात म्हणून तो बंद केला जाई आणि आम्ही सारे घामाने निथळत ऐकत बसत असू. भूपात मध्यम (म) आणि निषाद (नी) हे स्वर वर्ज्य असतात. त्या पाच स्वरांत वीसेक मिनिटे रमल्यानंतर बागेश्रीचा मध्यम कानावर पडे, तेव्हा इतका वेळ कोणता स्वर आपल्याला भेटलाच नव्हता, हे रागाचे व्याकरण ठाऊक नसतानाही कळे. हे दोन राग निरनिराळ्या दिवशी ऐकले असते, तर ते मला कळले असते असे वाटत नाही.

मिनिटाला 78 फेऱ्यांच्या जुन्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम साडेतीन मिनिटे मावत, त्यामुळे मोठमोठ्या गवयांनाही राग आटोपता घ्यावा लागे. एलपी, म्हणजे जास्त वेळ वाजणारी तबकडी, आली आणि विलंबिताला श्वास घ्यायला जागा मिळाली.

आपल्या मुलीला मात्र आरंभीच ख्याल देऊ नये. शिवकुमार शर्मा यांचे संतूर, हरिप्रसाद चौरसिया यांची बासरी आणि ब्रिजभूषण काब्रा यांची गिटार असलेला ‘कॉल ऑफ द व्हॅली’ हा 1967 सालचा अल्बम तिला पहिल्या रागापासून शेवटच्या रागापर्यंत, क्रम न बदलता ऐकू द्यावा. काश्मीरच्या खोऱ्यातील मेंढपाळाचा एक दिवस त्यात रागांच्या वेळांनुसार उलगडतो : पहाटेचा अहीर भैरव, पुढे पिलू, मग सांज सरताना भूप, आणि अखेरीस पहाडी. कथेचा धागा असल्याने नवख्या श्रोत्याचे बोट पुढे सरकवण्याकडे सहसा वळत नाही.

पंधरा-वीस दिवस तो अल्बम कानात मुरल्यावर किशोरीताईंची ध्वनिमुद्रिका लावावी. वाद्यांवर ऐकलेला भूप तिला तिथे गळ्यातून भेटेल. रागाचे नाव आधी सांगू नये. तिला आपणहून ओळख पटेपर्यंत थांबावे, मग त्याला आठवडा लागो की महिना.