सुट्या पैशांतली चुकीची नाणी

टांकसाळीत पाडतानाच चूक झालेली नाणी जमवणाऱ्यांना हवी असतात. ती शोधायला आधी नाशिकच्या रविवार कारंजावरच्या ओळखीच्या दुकानदाराकडून नोटा देऊन सुटी नाणी घे. नाशिकरोडला नोटा छापतात, नाणी नाही. म्हणून नाणं कुठे पाडलं ते कळायला सालाखालची टांकसाळीची खूण बघ. चांदणी हैदराबादची, ठिपका नोएडाचा, हिरा मुंबईचा, काहीच नसेल तर कोलकाता.

मग रुपयाचं नाणं वर-खाली दोन बोटांत धरून आडवं फिरव. मागची बाजू तिरकी आली, तर नाणं पाडताना साचा फिरलेला.

कड कापलेली दिसली की हुरळू नकोस. टांकसाळीतच पडलेल्या खऱ्या कापाच्या अगदी समोरची कडही बहुतेकदा दबलेली असते. कानशीने घासलेल्या नाण्यात ती शाबूत राहते. असली घासलेली नाणी विकणारे फार, त्यांना एक रुपयाही जास्त देऊ नकोस. आणि सापडलेलं नाणं चिंचेने अजिबात उजळू नकोस रे!