कॉम्प्युटरवर जपानी मजकुराच्या जागी नुसते चौकोन दिसतात. फॉन्ट टाकला की वाचता आणि टाइपही करता येईल का?

चौकोन जातील, पण टाइप नाही करता येणार. त्याला आयएमई लागतो, म्हणजे रोमन कळांवरून जपानी अक्षरं उमटवणारा प्रोग्राम. विंडोज १० किंवा ११ असेल तर सेटिंग्जमधल्या लँग्वेजच्या यादीत जपानी ॲड करा, आयएमई सोबतच येतो. जुन्या विंडोज एक्सपीत 'ईस्ट एशियन'च्या खुणेवर टिक करून सीडी हुडकावी लागायची, ते गेलं एकदाचं.

पण चौकोन गेले म्हणजे काम झालं असं समजू नका. मी समजलो होतो. जपानी अनुवाद करतो मी. एका ऑफिसात हाडांच्या उपचारांवरची पुस्तिका हातात होती. फाइलला एमएस मिनचो फॉन्ट हवा होता, तो विंडोज १० मध्ये मुळात नसतो, ऑप्शनल फीचर्समधून वेगळा घ्यावा लागतो. आमच्या सिस्टिमवाल्या साहेबांनी सगळ्या मजकुराला सिमसन लावला. तो चिनी फॉन्ट. मी विचारलं, तर म्हणाले, "अक्षरं दिसतायत ना? चिनी काय नि जपानी काय, लिपी एकच."

आठवड्याने पुस्तिका परत आली. पानापानावर 'हाड' या अक्षराभोवती लाल गोल. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला नंबर देणाऱ्या जागतिक पद्धतीत, चिनी आणि जपानी 'हाड' यांना कोड एकच, आकार मात्र फॉन्ट ठरवतो. वरच्या चौकटीतला छोटा कोपरा जपानीत उजवीकडे, चीनच्या पद्धतीत डावीकडे. जपानीत दहा रेघा, चिनीत नऊ. वाचता येतं, पण जपानी माणसाला ते परक्याने लिहिलेलं वाटतं. दोनशे पानांचा फॉन्ट बदलून ओळी पुन्हा जुळवत मी दोन रात्री बसलो. साहेब तेव्हाही म्हणाले, "एवढं कोण बघतं?" अहो, ज्याच्यासाठी छापलं तो बघतो!

म्हणून लँग्वेजच्या यादीत चिनीही असेल तर जपानी तिच्या वर ठेवा, आणि फाइलमध्ये मजकुराची भाषा जपानी आहे ना ते तपासा. फुकटात नोटो सान्स सीजेके हा चिनी-जपानी-कोरियन फॉन्ट घेणार असाल तर त्यातला जेपी (जपानी) प्रकार घ्या, एससी (सोपी चिनी) नको.

टाइप करताना 'एन'ने गोंधळ होतो. 'के-आय-एन-ई-एन' मारलं की किनेन, म्हणजे स्मरण. धूम्रपानबंदीचं 'किन्-एन' हवं तर मधला एन दोनदा. सूचनाफलकावर ही चूक झाली तर काय होईल, विचार करा.

आणि हो, चौकोनांऐवजी भलतीच चिन्हं दिसत असतील तर फॉन्टच्या मागे लागू नका. फाइल बहुधा शिफ्ट-जिस या जुन्या जपानी एन्कोडिंगमध्ये (अक्षरं साठवायच्या पद्धतीत) असेल, एन्कोडिंग बदलून उघडा. लिनक्स असेल तर टाइप करायला मोझ्क हा जपानी आयएमई बहुधा वेगळा टाकावा लागेल, आयबस किंवा एफसिटिक्स या टायपिंग सांभाळणाऱ्या प्रोग्रामबरोबर.